डॉलर नव्वदीपार गेला म्हणजे आपल्या रुपयाचं नेमकं काय झालं?

डिसेंबर २०२५ च्या सुरुवातीला एका डॉलरचा भाव पहिल्यांदाच नव्वद रुपयांच्या वर गेला. बातमी आली आणि पाठोपाठ तो जुना मजकूरही पुन्हा मोबाइलवर फिरायला लागला: '१९४७ साली एक रुपया म्हणजे एक डॉलर होता, आज बघा कुठे येऊन पोहोचलो.' काहींना यात देशाची इभ्रत गेल्यासारखं वाटलं. काहींनी उलट सांगितलं, रुपया पडला की निर्यात वाढते, तेव्हा काळजी कसली? महिन्याचा किराणा भरणाऱ्याला, मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज काढणाऱ्याला यातून काय समजायचं ते कळत नाही.

दोन्ही बाजू एकच चूक करतात. रुपयाला एकच किंमत आहे आणि ती डॉलरच्या आकड्यात दिसते, असं त्या धरून चालतात. मुळात रुपयाला दोन किमती आहेत. त्या वेगळ्या ओळखता आल्या की गोंधळ बराच कमी होतो.

## रुपयाची आतली किंमत आणि बाहेरची किंमत

शंभर रुपयांत किती तूरडाळ येते, किती दूध येतं, एसटीने किती लांब जाता येतं, ही रुपयाची आतली किंमत. हिला अर्थशास्त्रात क्रयशक्ती म्हणतात. वस्तू महागल्या की ही किंमत घटते. एका रुपयाला परदेशी चलन किती मिळतं, ही बाहेरची किंमत. तिचं नाव विनिमय दर.

दोन्हींचा एकमेकींशी संबंध आहे, पण त्या एकाच वेगाने किंवा एकाच दिशेने चालतात असं नाही. ज्या वर्षी डॉलरचा भाव जवळपास हलत नाही, त्या वर्षीही भाजी कडाडते. उलट डॉलर पाच टक्क्यांनी वर गेला तरी वाण्याकडच्या बिलात तेवढीच वाढ होत नाही. बातम्यांत आकडा येतो तो बाहेरच्या किमतीचा, कारण तो दर मिनिटाला पडद्यावर दिसतो. आपलं आयुष्य मात्र मुख्यतः आतल्या किमतीवर चालतं.

## १९४७ मध्ये रुपया आणि डॉलर सारखे होते का?

नव्हते. हा गैरसमज इतका पसरला आहे की तो हिशेबानेच खोडलेला बरा.

त्या वेळी रुपया ब्रिटिश पौंडाला बांधलेला होता. एका रुपयाला १ शिलिंग ६ पेन्स असा दर होता (पौंडाचे २० शिलिंग, शिलिंगाचे १२ पेन्स), म्हणजे एक पौंड साधारण १३ रुपये ३३ पैशांना. एक पौंड होता ४.०३ डॉलरचा. भागाकार केला की एका डॉलरला ३ रुपये ३१ पैसे येतात. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने डिसेंबर १९४६ मध्ये सभासद देशांच्या चलनांचे अधिकृत दर जाहीर केले, त्यातही एका रुपयाची किंमत ३०.२२५ अमेरिकी सेंट अशीच दिली होती. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर तेव्हा सी. डी. देशमुख होते, कुलाबा जिल्ह्यात जन्मलेले आणि त्या पदावर बसलेले पहिले भारतीय.

पुढचा प्रवास असा. सप्टेंबर १९४९ मध्ये ब्रिटनने पौंडाची किंमत घटवली, रुपयाही त्याच्याबरोबर खाली आला आणि डॉलर ४ रुपये ७६ पैशांचा झाला. ६ जून १९६६ रोजी, दुष्काळ, युद्धाचा खर्च आणि परकीय मदतीची तंगी अशा स्थितीत इंदिरा गांधींच्या सरकारने तो एका झटक्यात साडेसात रुपयांवर नेला. १९७५ मध्ये पौंडाशी असलेली गाठ सुटली आणि रुपया काही निवडक चलनांच्या एकत्रित सरासरीशी जोडला गेला. जुलै १९९१ मध्ये दोन दिवसांच्या अंतराने दोनदा रुपयाची किंमत कमी केली गेली. मार्च १९९३ पासून दर बाजार ठरवू लागला, तेव्हा डॉलर सुमारे ३१ रुपयांचा होता.

इथे दोन शब्द वेगळे ठेवायला हवेत. सरकार स्वतः आदेश काढून चलनाची किंमत उतरवतं, ते अवमूल्यन. १९६६ आणि १९९१ मध्ये झालं ते हे. बाजारात रोज दर खाली जातो, ती घसरण. आज होते ती घसरण आहे. वर्तमानपत्रं अनेकदा दोन्हींना अवमूल्यनच म्हणतात आणि वाचकाला वाटतं की कुणीतरी दिल्लीत किंवा मुंबईत बसून निर्णय घेतला.

३.३१ वरून ९० म्हणजे ७८ वर्षांत डॉलर २७ पट महागला. ऐकायला भयंकर वाटतं, पण वर्षाच्या सरासरीने ही वाढ सव्वाचार टक्क्यांच्या आसपास बसते. आणि या काळात डॉलरही जागच्या जागी नव्हता. १९४७ मध्ये अमेरिकेत एका डॉलरमध्ये जे मिळायचं, त्याला आज चौदा-पंधरा डॉलर पडतात. आपल्याकडे महागाई त्यांच्याहून जास्त वेगाने वाढत आली, म्हणून रुपयाची आतली किंमत डॉलरच्या आतल्या किमतीपेक्षा वेगाने घटली. विनिमय दर हे बरंचसं त्या फरकाचंच प्रतिबिंब आहे.

## रुपया चांदीचा होता तेव्हा तरी पक्का होता ना?

'पूर्वीच्या नाण्याला चांदीचं बळ होतं, आता नुसता कागद आहे,' असं जुनी माणसं म्हणायची. या प्रश्नावर थोडं थांबायला हवं, कारण रुपयाच्या इतिहासातला सर्वात शिकवणारा भाग इथेच आहे.

रुपया नावाचं प्रमाणबद्ध चांदीचं नाणं शेरशाह सूरीने सोळाव्या शतकात, १५४० ते १५४५ या आपल्या राजवटीत पाडलं. त्याचं वजन १७८ ग्रेन, म्हणजे सुमारे साडेअकरा ग्रॅम होतं. मुघलांनी तेच चालू ठेवलं. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी शिवाजी महाराजांनी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली. शिवराई इतकी रुजली की एकोणिसाव्या शतकातही ती दख्खनच्या बाजारात चालत होती. पेशवाईच्या काळात अंकुशी रुपया, नाशिकजवळच्या चांदवडच्या टांकसाळीतला चांदवडी रुपया, शेजारच्या निजामाच्या मुलखातला निराळा, सुरतेकडचा वेगळा, असे अनेक रुपये एकाच वेळी बाजारात होते. प्रत्येकाचा कस आणि वजन निराळं. सराफ नाणं वाजवून, तोलून बघायचा आणि बट्टा कापून बदलून द्यायचा. एका गावातला रुपया दुसऱ्या गावात पुऱ्या सोळा आण्यांना जाईलच याची खात्री नव्हती.

१८३५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला. वजन १८० ग्रेन, त्यातली शुद्ध चांदी १६५ ग्रेन. १८० ग्रेन म्हणजे बरोबर एक तोळा, म्हणून रुपयाचं नाणंच वजन म्हणून तागडीत टाकता यायचं. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. हिशेब सुटसुटीत झाला.

मग चांदीनेच दगा दिला. १८७० नंतर जर्मनी आणि पाठोपाठ युरोपातल्या इतर देशांनी चांदी सोडून सोन्याचं चलन धरलं, त्यांची चांदी बाजारात आली आणि अमेरिकेतल्या खाणींतून नवी चांदी निघू लागली. जगभर चांदीचा भाव पडला आणि चांदीचा रुपयाही पडला. १८७० च्या सुमारास एका रुपयाला जवळजवळ दोन शिलिंग मिळायचे, १८९२-९३ पर्यंत जेमतेम सव्वा शिलिंग मिळू लागलं. हिंदुस्थान सरकारला दरवर्षी लंडनला पौंडांत मोठी रक्कम पाठवावी लागे. अधिकाऱ्यांची पेन्शन, रेल्वेच्या कर्जावरचं व्याज, लंडनमधल्या कचेरीचा खर्च. पौंड तेवढेच, पण ते विकत घ्यायला रुपये जास्त लागू लागले, आणि ते वसूल व्हायचे इथल्याच माणसांकडून.

१८९३ मध्ये सरकारने टांकसाळी लोकांसाठी बंद केल्या. तोवर कुणीही चांदी नेऊन द्यावी आणि रुपये पाडून घ्यावेत अशी सोय होती. ती थांबल्यावर नाण्यातल्या चांदीचा बाजारभाव आणि नाण्यावरची किंमत यांची ताटातूट झाली. रुपया चांदीचाच होता, पण त्याची किंमत आता चांदी ठरवत नव्हती, सरकारचा हुकूम ठरवत होता. आजची नोट आणि १९०० सालचं चांदीचं नाणं यांत लोक समजतात तेवढं अंतर नाही. १९४० मध्ये नाण्यातली चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ मध्ये रुपया निकेलचा झाला.

## बाबासाहेबांनी शंभर वर्षांपूर्वी मांडलेला मुद्दा

याच प्रश्नावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये डी.एस्सी. या डॉक्टरेटच्या पदवीसाठी प्रबंध लिहिला आणि १९२३ मध्ये तो लंडनला प्रसिद्ध झाला. रुपयाची पौंडातली किंमत स्थिर ठेवायची एवढंच सरकारचं धोरण होतं. आंबेडकरांचं म्हणणं असं की हे लक्षणावरचं औषध आहे, मूळ रोगावरचं नाही. रुपया स्थिर करायचा असेल तर त्याची सर्वसाधारण क्रयशक्ती, म्हणजे आतली किंमत, स्थिर करावी लागेल. त्यासाठी किती रुपये पाडायचे हे सरकारच्या मर्जीवर सोडून चालणार नाही, त्याला पक्की मर्यादा हवी.

१९२५ मध्ये हिल्टन यंग यांच्या अध्यक्षतेखालच्या शाही आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. त्या काळचा मोठा वाद होता रुपया १ शिलिंग ४ पेन्सचा असावा की १ शिलिंग ६ पेन्सचा. मुंबईतल्या गिरणीमालकांना आणि व्यापाऱ्यांना कमी दर हवा होता. स्वस्त रुपयात त्यांचा फायदा होता. आयोगाचे सभासद पुरुषोत्तमदास ठाकूरदास यांनी तशी भिन्नमतपत्रिकाही जोडली. सरकारने १९२७ मध्ये १ शिलिंग ६ पेन्स कायम केला. आंबेडकरांनी दरातला हा बदल कुणाच्या खिशातून कुणाच्या खिशात जातो हे पाहिलं. चलन स्वस्त झालं की वस्तूंचे भाव चढतात, पण मजुरी मागे रेंगाळते. व्यापाऱ्याला मिळणाऱ्या नफ्यातला वाटा मजुराच्या ताटातून गेलेला असतो.

मला हा मुद्दा आजच्या चर्चेत सर्वात मोलाचा वाटतो. 'रुपया पडला तर निर्यात वाढेल' या वाक्याला जोडून लगेच विचारायला हवं, की फायदा कुणाला आणि भरणा कुणाचा?

या आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली. ती आंबेडकरांनीच स्थापन केली असं सरसकट सांगितलं जातं, ते अतिशयोक्त आहे. पण रुपयाची आतली किंमत सांभाळणं हे चलनाच्या कारभाराचं पहिलं काम, हे त्यांनी फार आधी ओळखलं होतं. कायद्यात ते उतरायला २०१६ साल उजाडलं. तेव्हापासून किरकोळ महागाई ४ टक्क्यांच्या जवळ, फार तर २ टक्के वर किंवा खाली, राखणं हे रिझर्व्ह बँकेचं घोषित उद्दिष्ट आहे. डॉलरचा कुठलाही आकडा राखणं हे तिचं उद्दिष्ट नाही.

## नोटेवर वचन कशाचं आहे?

शंभराच्या नोटेवर गव्हर्नरांच्या सहीने 'मैं धारक को सौ रुपये अदा करने का वचन देता हूँ' असं लिहिलेलं असतं. रिझर्व्ह बँकेत नोट घेऊन गेलात तर तुम्हाला सोनं किंवा चांदी मिळणार नाही, शंभर रुपयांच्या दुसऱ्या नोटा किंवा नाणी मिळतील. नोटेच्या बदल्यात बँकेने स्वतःकडे किमान २०० कोटींचा साठा ठेवला पाहिजे, त्यात किमान ११५ कोटींचं सोनं, ही तरतूद १९५७ पासून आहे. चलनात असलेल्या लाखो कोटींपुढे हा आकडा नाममात्र आहे. खरा आधार दोन गोष्टींचा: ही नोट कुणी नाकारू शकत नाही असा कायदा, आणि उद्याही हिच्यात जवळपास आजच्याइतकंच सामान येईल हा लोकांचा विश्वास.

'मग नोटा छापून गरिबी का हटवत नाहीत?' हा प्रश्न शाळेतली मुलं विचारतात आणि मोठी माणसं मनात ठेवतात. नोटा वाढल्या म्हणून गहू, घरं, डॉक्टर वाढत नाहीत. तेवढ्याच वस्तूंमागे जास्त पैसे धावतात आणि भाव चढतात. पगारदार, पेन्शनर आणि मजूर यांना तो फटका आधी बसतो, ज्यांच्याकडे जमीन किंवा सोनं आहे त्यांना सर्वात कमी.

वचन कुणाचं, यातही फरक आहे. नाणी आणि एक रुपयाची नोट भारत सरकार काढतं. त्या नोटेवर वित्त सचिवांची सही असते आणि वचनाची ओळ नसते. दोन रुपयांपासून पुढच्या नोटा रिझर्व्ह बँकेच्या. खात्यातले पैसे, म्हणजे यूपीआयने चहावाल्याला देतो ते, तुमच्या बँकेचं वचन असतं. बँक बुडाली तर त्यातल्या ५ लाखांपर्यंतच विम्याचं संरक्षण आहे. डिसेंबर २०२२ पासून सर्वसामान्य लोकांसाठी चाचणी सुरू असलेला डिजिटल रुपया मात्र थेट रिझर्व्ह बँकेचं वचन आहे, म्हणजे नोटच, कागदाशिवाय.

रोजच्या व्यवहारात अडणाऱ्या दोन-तीन गोष्टी इथेच सांगतो. दहा रुपयांची नाणी वेगवेगळ्या नक्षीची आहेत. ती सगळी चालतात, रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये चौदा प्रकार सांगून हे स्पष्ट केलं आहे. दुकानदाराने किंवा रिक्षावाल्याने ती नाकारू नयेत. पन्नास पैशांचं नाणंही अजून वैध आहे, बंद झाली ती २५ पैसे आणि त्याखालची, ३० जून २०११ पासून. फाटकी नोट कुठल्याही बँकेच्या शाखेत बदलून मिळते. वीस रुपयांपर्यंतच्या नोटेचा अर्ध्याहून मोठा तुकडा असेल तर पूर्ण पैसे मिळतात. पन्नास आणि त्यावरच्या नोटेला ८० टक्क्यांहून जास्त भाग असेल तर पूर्ण, ४० ते ८० टक्के असेल तर निम्मे. पाच-दहा टक्के कापून नोटा बदलून देणाऱ्याकडे जायची गरज नाही.

## डॉलरचा भाव ठरतो कुठे?

लासलगावच्या बाजार समितीत कांद्याची आवक वाढली की भाव उतरतो, आवक घटली की चढतो. डॉलरचंही तसंच आहे. निर्यातदार, परदेशातून घरी पैसे पाठवणारे आणि इथे गुंतवणूक करणारे विदेशी हे डॉलर घेऊन येतात. तेल कंपन्या, सोन्याचे आयातदार, परदेशी शिक्षणाला निघालेले विद्यार्थी आणि पैसे काढून घेऊन जाणारे गुंतवणूकदार हे डॉलर मागतात. बँकांच्या आपसातल्या बाजारात दिवसभर हा लिलाव चालतो. आवकेपेक्षा मागणी जास्त झाली की डॉलर महागतो.

२०२५ मध्ये तेच घडलं. ऑगस्टअखेर अमेरिकेने भारताच्या बऱ्याच मालावर एकूण ५० टक्के आयातशुल्क लावलं, निर्यातीच्या डॉलरबद्दल शंका निर्माण झाली, आणि विदेशी गुंतवणूकदारांनी शेअर बाजारातून पैसे काढले. आवक मंदावली, मागणी वाढली. याच महिन्यांत देशातली किरकोळ महागाई बरीच खाली होती. बाहेरची किंमत घसरत असताना आतली बऱ्यापैकी टिकून होती, यापेक्षा चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही.

## मग रिझर्व्ह बँक भाव रोखून का धरत नाही?

थोडाफार धरते. भाव फार वेगाने चढला की ती आपल्या परकीय गंगाजळीतून, म्हणजे जमवून ठेवलेल्या डॉलर, इतर चलनं आणि सोन्याच्या साठ्यातून, डॉलर बाजारात विकते. सरकार राखीव साठ्यातला कांदा बाजारात आणतं, तसंच. आज ही गंगाजळी साडेसहाशे अब्ज डॉलरच्या वर आहे.

पण साठ्याला तळ असतो. एखादा दर कायमचा धरायचा ठरवलं आणि बाजाराला तो खोटा वाटला, तर सगळे मिळून डॉलर उचलायला येतात. १९९१ मध्ये गंगाजळी जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीला पुरेल एवढी उरली होती आणि सुमारे ४७ टन सोनं परदेशात तारण ठेवायला विमानाने पाठवावं लागलं. तेव्हा डॉलर विसाच्या आसपास होता. रुपया आजच्याहून कितीतरी 'मजबूत' दिसत होता आणि देश दिवाळखोरीच्या दारात उभा होता. आकड्याकडे पाहून देशाची तब्येत सांगणाऱ्यांनी हे साल विसरू नये.

दुसरी अडचण अशी की डॉलर विकताना रिझर्व्ह बँक त्या बदल्यात रुपये गोळा करते. बाजारातला पैसा आटतो, व्याजदर चढतात, गृहकर्ज आणि छोट्या उद्योगाचं कर्ज महागतं. पैशाला सीमेपार ये-जा करू द्यायची, व्याजदर आपल्या गरजेनुसार ठरवायचे आणि डॉलरचा दरही बांधून ठेवायचा, या तिन्ही गोष्टी एकत्र जमत नाहीत. एक सोडावीच लागते. आपण तिसरी सोडली आहे, आणि माझ्या मते ते योग्यच आहे.

## घरखर्चात ते कुठे दिसतं?

हिशेब करून पाहू. आपण लागतं त्यातलं ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो. एका पिंपात १५९ लिटर. पिंप ७० डॉलरला असेल आणि डॉलर एक रुपयाने महागला, तर पिंपाला ७० रुपये जास्त, म्हणजे लिटरमागे ४४ पैसे. पंपावर हे रोजच्या रोज दिसत नाही, कारण सरकारी तेल कंपन्या भाव काही काळ दाबून ठेवतात. पण कुणी ना कुणी ते सोसत असतं.

खाद्यतेल निम्म्याहून जास्त आयात होतं, पामतेल इंडोनेशिया आणि मलेशियातून. तूर कमी पडली की म्यानमार आणि मोझांबिकमधून येते. लग्नाचं सोनं दोन्हीकडून मार खातं, जगात सोनं डॉलरमध्ये महागतं आणि इथे डॉलर रुपयात. वर्षाला ४० हजार डॉलर फी असलेल्या मुलीच्या घरात, डॉलर ८५ वरून ९० झाला की त्याच वर्गासाठी दोन लाख रुपये जास्त मोजावे लागतात. शिक्षणकर्ज रुपयात मंजूर झालेलं असेल तर ही तूट ऐनवेळी उभी राहते, म्हणून कर्जाचा अर्ज करतानाच थोडी जास्त रक्कम धरावी.

दुसऱ्या बाजूला, पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपनीचं बिल डॉलरमध्ये येतं आणि पगार रुपयात जातो. आखातात किंवा अमेरिकेत असलेल्या मुलाने तेवढेच पैसे पाठवले तरी घरी जास्त रुपये उतरतात. जगात सर्वात जास्त असा पैसा भारतात येतो, वर्षाला शंभर अब्ज डॉलरहून अधिक.

नाशिकच्या द्राक्ष बागायतदाराच्या बाबतीत तर दोन्ही बाजू एकाच माणसात भेटतात. युरोपला गेलेल्या कंटेनरचे त्याला जास्त रुपये मिळतात. पण बागेला लागणारं पोटॅश जवळजवळ सगळं आयात होतं, अनेक औषधांचा कच्चा माल बाहेरचा, जहाजाचं भाडं डॉलरमध्ये. हंगाम संपल्यावर हातात काय उरलं ते त्याच्या वहीतच कळतं. 'रुपया पडला की निर्यातदाराचं भलं' हे म्हणूनच अर्धंच खरं आहे. आपली बरीच निर्यात, मग ते हिरे असोत, पेट्रोलियम पदार्थ की मोबाइल, आयात केलेल्या मालावरच उभी आहे.

## जपानचा येन तर डॉलरला दीडशेच्या आसपास, मग?

एका डॉलरला किती एकक मिळतात हा आकडा त्या देशाने सुरुवातीला एकक किती मोठं धरलं यावर अवलंबून असतो. एका कुवेती दिनारला तीन डॉलरहून जास्त मिळतात, म्हणून कुवेतची अर्थव्यवस्था अमेरिकेच्या तिप्पट होत नाही. जपानी येन दीडशेला असून जपान श्रीमंत आहे. पाहायची असते ती हालचाल: चलन किती वेगाने घसरतं आहे, आणि त्याच वेळी आत भाव किती चढतात. २०१३ च्या मे ते ऑगस्टमध्ये डॉलर साधारण ५५ वरून ६८ च्या पुढे गेला, तेव्हा आत महागाईही तापलेली होती. काळजी करावी अशी स्थिती ती.

## डॉलर सोडून रुपयातच व्यापार करता येणार नाही का?

जुलै २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने परदेशी बँकांना इथे रुपयाची खाती उघडून व्यापाराचे पैसे त्यात चुकते करायची मोकळीक दिली. रशियाने तेल विकून रुपये घेतले आणि लवकरच त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला की या रुपयांचं करायचं काय. आपण त्यांच्याकडून घेतो त्या मानाने त्यांना विकतो फारच थोडं. रुपये साठत गेले आणि मे २०२३ मध्ये त्यांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी ही अडचण जाहीरपणे सांगितली.

रुपया पूर्वी बाहेर चालत नव्हता असं नाही. कुवेत, बहारीन, कतार, दुबई, ओमान इथे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आपलाच रुपया रोजच्या बाजारात होता. मोती विकणारा, खजूर विकणारा, मुंबईहून कापड मागवणारा, सगळे रुपयातच हिशेब मांडायचे. त्याच रुपयांनी तिथे सोनं घेऊन ते इथे चोरून आणणं वाढलं आणि गंगाजळीला गळती लागली, म्हणून १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. त्यांचे क्रमांक झेड या अक्षराने सुरू व्हायचे. कुवेतने १९६१ मध्ये आणि बहारीनने १९६५ मध्ये स्वतःचा दिनार काढला. मग ६ जून १९६६ आला. दिल्लीत अवमूल्यन जाहीर झालं, आखाती रुपयाही सोबत खाली ओढला गेला, आणि तिथल्या लोकांनी पेटीत जपून ठेवलेल्या बचतीची सोन्यातली किंमत एका दिवसात एक तृतीयांशाहून जास्त घटली. कतार आणि दुबईने त्याच वर्षी रुपया सोडून स्वतःचा रियाल आणला. ओमानमध्ये तो आणखी चार वर्षं, १९७० पर्यंत चालला.